शेपट्यांची मोजणी आणि बिळांचा हिशेब

उपद्रवी प्राणी मारणे आणि त्याचा उपद्रव कमी करणे ही दोन कामे वरवर एकच वाटतात. प्रत्यक्षात ती एक नव्हेत. विस्तारकार्यात हा भेद वारंवार पुसला जातो, कारण मेलेला प्राणी डोळ्यांना दिसतो आणि वाचलेले पीक सहसा दिसत नाही. या गोंधळाचे एक बोलके उदाहरण भारतापासून फार दूर, कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात पाहावयास मिळते. तेथे शनिवार-रविवारी मित्राला सोबत घेऊन गाडीने गावाकडे जाणे आणि कुरणातील गोफर नावाच्या खारींवर बंदूक चालवणे हा अनेकांचा नित्याचा विरंगुळा आहे. हा विरंगुळा आहे की कीडनियंत्रण, हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. भारतातील शेतांच्या बांधांवरही तो वेगळ्या रूपात उभा आहे.

मे महिन्यात व्हिक्टोरिया दिनाच्या सोमवारची जोडून सुट्टी लागली, की कॅल्गरी, सास्काटून, रेजायना यांसारख्या शहरांतून दोन-तीन मित्रांच्या जोड्या पिकअप गाड्यांतून बाहेर पडतात. गाडीत पॉइंट टू-टू बोअरच्या रायफली, काडतुसांची खोकी, घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचा थर्मास असतो. दोन-तीन तासांच्या प्रवासानंतर ओळखीच्या पशुपालकाचे कुरण येते. परवानगी आधीच घेतलेली असते; पशुपालक फाटक उघडून देतो, गुरे कोणत्या बाजूला आहेत ते सांगतो आणि त्यांना मनापासून शुभेच्छा देतो. कुरण बिळांनी चाळणीसारखे झालेले असते. संध्याकाळपर्यंत काडतुसांची खोकी रिकामी होतात, मेलेल्या खारींचा आकडा सांगितला जातो, आणि शेतकऱ्याचे भले केल्याचे समाधान घेऊन मंडळी परततात.

या व्यवहारात फसवणूक कोणाचीच नाही. पाहुणे खोटे बोलत नाहीत आणि यजमानही खोटी कृतज्ञता दाखवत नाही. पण दोघांनीही एक गोष्ट तपासलेली नसते: पुढील वर्षी त्या कुरणात किती खारी असतील?

गोफर म्हणजे नेमका कोणता प्राणी

प्रेअरीतील लोक ज्याला गोफर म्हणतात तो प्राणी शास्त्रीय अर्थाने गोफर नाही. तो जमिनीत बिळे करून राहणारा खारींच्या कुळातील प्राणी असून त्याचे रूढ नाव रिचर्डसनची भूखार असे आहे. सर जॉन फ्रँकलिन यांच्या उत्तर कॅनडातील मोहिमांत सहभागी झालेले निसर्गशास्त्रज्ञ सर जॉन रिचर्डसन यांच्यावरून हे नाव पडले. अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांचा दक्षिण भाग व त्याला लागून असलेला अमेरिकेचा उत्तर भाग हे तिचे मुख्य क्षेत्र होय. प्रौढ भूखार वजनाने साधारण पाव ते अर्धा किलो भरते. बिळाच्या तोंडाशी मागील पायांवर ताठ उभे राहून टेहळणी करणे आणि धोका दिसताच तीक्ष्ण शीळ घालणे ही तिची ओळख आहे.

तिच्यामुळे होणारे नुकसान काल्पनिक नाही. ती कुरणातील गवत व लसूणघास खाते. गहू, कॅनोला, वाटाणा आणि मसूर यांचे कोवळे रोप कापून टाकते. शेताच्या कडेला वसाहत असेल तर पेरणीनंतरच्या काही आठवड्यांतच पिकात उघडे टप्पे दिसू लागतात. बिळांपुढील मातीच्या ढिगाऱ्यांमुळे गवत कापणाऱ्या यंत्रांचे नुकसान होते, आणि बिळात पाय अडकून घोडे व गुरे जायबंदी होतील ही भीती पशुपालकाच्या मनात सदैव असते. भारतीय वाचकाचा या शेतांशी संबंध स्वयंपाकघरातूनही येतो. भारतात आयात होणाऱ्या मसुरीचा मोठा वाटा अनेक वर्षे कॅनडातून येत राहिला आहे आणि कॅनडाची बहुतेक मसूर सस्कॅचेवानमध्ये पिकते. ज्या शेताच्या कडेला ही भूखार बीळ करते, त्याच शेतातील डाळ कधी ना कधी येथील ताटात आलेली असण्याचा संभव आहे.

प्राण्याचे पंचांग आणि माणसाची सुट्टी

भूखारीचे नियंत्रण समजून घ्यायचे तर तिचे वर्ष समजून घ्यावे लागते. अल्बर्टातील लेथब्रिज विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रज्ञ गेल मिचेनर यांनी दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांमुळे हे वर्ष आज बरेच स्पष्ट झाले आहे. प्रौढ नर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये, जमिनीवर बर्फ असतानाच, शीतनिद्रेतून बाहेर येतात. माद्या त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येतात व काही दिवसांतच गाभण राहतात. गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा. पिल्ले जन्मल्यावर सुमारे चार आठवडे बिळातच राहतात आणि एप्रिलच्या अखेरीपासून मेमध्ये प्रथमच जमिनीवर दिसू लागतात. मादीला वर्षातून एकच वेत होते. त्यात सरासरी सहा ते आठ पिल्ले असतात. जूनमध्ये प्रौढ नर आणि त्यानंतर प्रौढ माद्या पुन्हा जमिनीखाली जातात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कुरणात दिसतात ती मुख्यतः त्या वर्षीची पिल्ले. म्हणजेच प्रौढ प्राणी वर्षातील सात-आठ महिने माणसाच्या नजरेआडच असतो.

आता मे महिन्याच्या सुट्टीकडे पुन्हा पाहावे. हवा उबदार, रस्ते कोरडे, आणि कुरणात भूखारींची गर्दी. नेमबाजाला यासारखा दिवस नाही. पण ही गर्दी नुकत्याच बाहेर आलेल्या, अननुभवी पिल्लांची असते. ती बिळात लपण्यास उशीर करतात, लवकर पुन्हा डोकावतात आणि त्यामुळे सहज मारली जातात. यांतील बहुसंख्य पिल्ले एरवीही पुढचा वसंत पाहत नाहीत. काही शिकारी प्राण्यांच्या तोंडी पडतात, काही नव्या जागेच्या शोधात भटकताना मरतात, काहींना शीतनिद्रेसाठी पुरेशी चरबी साठवता येत नाही. बंदुकीची गोळी त्यांच्या मरणाची तारीख अलीकडे आणते. पुढील मार्चमध्ये बिळातून बाहेर येणाऱ्यांची संख्या तिच्यामुळे फारशी घटत नाही.

उदाहरणादाखल साधा हिशेब मांडता येईल. एखाद्या कुरणात मार्चअखेर वीस माद्या व पाच नर आहेत असे धरले आणि प्रत्येक मादीला सात पिल्ले झाली असे मानले, तर मेमध्ये तेथे १६५ भूखारी असतील. दोघा मित्रांनी दोन दिवसांत त्यांतील शंभर मारल्या तरी ६५ उरतात, म्हणजे मार्चमधील संख्येच्या अडीचपटीहून अधिक. उलट मार्चअखेरीस, पिल्ले होण्यापूर्वी, केवळ दहा माद्या कमी झाल्या असत्या तर सत्तर पिल्ले जन्मालाच आली नसती. शंभराचा आकडा ऐकायला मोठा वाटतो. परिणाम मात्र दहाच्या आकड्याचा मोठा आहे. मार्चमधील ते दिवस गारठ्याचे, चिखलाचे आणि वाऱ्याचे असतात. सहलीला कोणी निघत नाही.

अर्थात शेजारच्या कुरणाचाही विचार करावा लागतो. एका कुरणातील बिळे रिकामी झाली की आजूबाजूच्या वसाहतींतील तरुण प्राण्यांना तयार घर मिळते. बीळ खोदण्याचे श्रम आधीच झालेले असतात. त्यामुळे एकाच शेतकऱ्याने एकट्याने केलेले नियंत्रण, ते बंदुकीने असो वा विषाने, बहुधा अल्पजीवी ठरते.

शंभर वर्षांची मोजणी

मेलेल्या प्राण्यांच्या आकड्यावर विसंबण्याची सवय प्रेअरीत नवी नाही. १ मे १९१७ रोजी सस्कॅचेवानमध्ये शाळकरी मुलांसाठी ‘गोफर दिन’ पाळण्यात आला. पहिले महायुद्ध चालू होते, गव्हाचा प्रत्येक दाणा मोलाचा मानला जात होता आणि भूखार मारणे हे देशकार्य ठरवले गेले होते. ९८० शाळांच्या मुलांनी त्या मोहिमेत पाच लाखांहून अधिक भूखारी मारल्याची नोंद आहे. पुरावा म्हणून शेपट्या जमा केल्या जात. पुढेही अनेक ठिकाणी शेपटीमागे काही सेंट देण्याची पद्धत चालू राहिली. २००२ साली दुष्काळामुळे भूखारींची संख्या फार वाढली, तेव्हा सास्काटूनमध्ये पुन्हा शेपट्यांवर बक्षिसे ठेवून स्पर्धा भरवण्यात आली.

या पाऊणशे-शंभर वर्षांत शेपट्यांचे ढीग जमले, पण भूखार प्रेअरीतून गेली नाही. ती लोकजीवनात इतकी मुरली, की सस्कॅचेवानच्या फुटबॉल संघाचे बोधचिन्ह गोफर आहे आणि अल्बर्टातील टॉरिंग्टन या छोट्या गावात पेंढा भरलेल्या भूखारींना माणसांचे कपडे घालून मांडलेले संग्रहालय पर्यटकांना आकर्षित करते. शत्रू म्हणून जाहीर केलेला प्राणी शंभर वर्षांनी गावाचे बोधचिन्ह होऊन बसला, हीच त्या मोहिमांच्या यशापयशाची पावती म्हणावी लागेल.

शेपटी हे माप कसे दिशाभूल करते याचा धडा इतरत्रही मिळाला आहे. १९०२ साली हनोई शहरातील फ्रेंच प्रशासनाने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस जाहीर केले. काही दिवसांतच शहरात शेपटी नसलेले जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले. शेपटी कापून उंदीर सोडून दिला की तो पुढची पिढी वाढवतो आणि मिळकत चालू राहते, हे लोकांनी लगेच ओळखले होते. प्रेअरीतील हौशी नेमबाजावर असा आरोप करता येणार नाही. पण तत्त्व तेच आहे. ज्या मापाने काम मोजले जाते, त्या मापाकडे काम वळते. मारलेल्यांची संख्या हे माप ठरले, की ज्या ऋतूत मारणे सोपे त्या ऋतूत मारले जाते.

विष थांबले, मग पुढे काय

शेतकऱ्याची बाजू येथे न्यायाने मांडली पाहिजे. अनेक दशके प्रेअरीतील शेतकऱ्याच्या हाती स्ट्रिक्नीन हे प्रभावी विष होते. धान्याच्या आमिषात मिसळून ते बिळात टाकले जाई. मार्च २०२० मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या कीडनाशक नियामक संस्थेने भूखारींविरुद्ध त्याची नोंदणी रद्द करण्याचा निर्णय दिला आणि साठा संपवण्यासाठी दिलेली मुदत मार्च २०२३ मध्ये संपली. निर्णयामागे पर्यावरणाची चिंता होती. विषबाधा झालेली भूखार खाणारे प्राणी व पक्षीही मरत होते, आणि त्यांत धोक्यात आलेल्या प्रजातींचा समावेश होता. शेतकरी संघटनांनी व प्रांतिक शासनांनी या निर्णयाला विरोध केला. झिंक फॉस्फाइड आणि रक्त गोठू न देणारी आमिषे उपलब्ध असली तरी ती वापरण्यास अधिक वेळ, अधिक काटेकोरपणा आणि अनेकदा अधिक खर्च लागतो, ही त्यांची तक्रार निराधार नव्हती.

अशा स्थितीत शहरातून आलेले दोघे मित्र स्वतःच्या खर्चाने काडतुसे उडवणार असतील, तर शेतकरी फाटक का उघडणार नाही? त्याला दुसरे काही मिळत नसेल तर एवढे तरी तो स्वीकारणारच. दोष त्याचा नाही. दोष असलाच तर त्या व्यवस्थेचा, जिने जुने साधन काढून घेताना नवे साधन वापरण्याचे कौशल्य त्याच गतीने गावापर्यंत पोहोचवले नाही. मोकळ्या झालेल्या या जागेत हौस शिरते आणि सेवेचे नाव धारण करते.

बंदुकीला काहीच स्थान नाही असेही म्हणता येत नाही. घराच्या आवारात, भाजीच्या वाफ्याजवळ किंवा नव्याने वसू लागलेल्या लहान वसाहतीत, वसंताच्या आरंभापासून त्याच माणसाने चिकाटीने नेम साधला तर फरक पडतो. पण त्यासाठी सातत्य हवे, वेळ योग्य हवी आणि क्षेत्र लहान हवे. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याकडे यांपैकी एकही गोष्ट नसते.

शेतकऱ्याचे बिनपगारी चाकर

सहलीचा खरा खर्च काडतुसांच्या किमतीत दिसत नाही. प्रेअरीत भूखारीवर जगणारे अनेक आहेत: बॅजर, कोयोट, लांब शेपटीचे वीझल, स्वेन्सनचा बाज आणि फेरुजिनस बाज. बॅजर तर पट्टीचा खोदकाम करणारा. भूखारीने पळून जाऊ नये म्हणून तो बिळाची इतर तोंडे मातीने बुजवतो आणि मग एका बाजूने खणत जातो, हे मिचेनर यांनी नोंदवले आहे. शीतनिद्रेत असलेल्या, म्हणजे बंदुकीच्या टप्प्याबाहेर गेलेल्या भूखारीपर्यंत तोच पोहोचू शकतो. बिळात राहणारे घुबड हे कॅनडात संकटग्रस्त ठरलेले पाखरू स्वतः बीळ खणत नाही. भूखारीने किंवा बॅजरने सोडलेल्या बिळातच ते संसार थाटते.

गोळी लागून कुरणात पडून राहिलेली भूखार या प्राण्यांना आयते अन्न वाटते. शिशाची गोळी शरीरात शिरताना फुटते व तिचे बारीक कण मांसात विखुरतात. मारलेल्या भूखारींच्या शवांत राहिलेले शिसे बाजांसाठी धोकादायक ठरू शकते, असा इशारा कॅनडातील संशोधकांनी २००६ सालीच दिला होता. शिशाची बाधा झालेला पक्षी कधी मरतो, कधी अशक्त होऊन शिकार करेनासा होतो. दोन दिवसांत मारलेल्या शंभर पिल्लांच्या बदल्यात कुरणावर घिरट्या घालणारी बाजांची एक जोडी गेली, तर हा सौदा तोट्याचा आहे. बाजाची जोडी सुट्टी पाहून येत नाही. घरट्यात पिल्ले असेपर्यंत ती रोज शिकार करते.

हा साथीदार किती नाजूक असतो याचा प्रत्यय एका दूरच्या घटनेने आला होता. स्वेन्सनचा बाज हिवाळ्यात प्रेअरीतून थेट अर्जेंटिनापर्यंत स्थलांतर करतो. १९९५-९६ च्या हंगामात तेथील शेतांत टोळवर्गीय किडींवर फवारलेल्या मोनोक्रोटोफॉसमुळे हजारो बाज मृत्युमुखी पडले. मोनोक्रोटोफॉस हे नाव भारतातील कापूस उत्पादकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. एका देशातील फवारणीने दुसऱ्या देशातील शेताची राखण दुबळी होते, हे त्या घटनेने दाखवून दिले. आपल्याच कुरणात शिशाने तेच घडू देणे तर अधिकच अविचाराचे.

ज्यांना बंदूक चालवायचीच आहे त्यांनी शिसेविरहित काडतुसे वापरावीत आणि मारलेला प्रत्येक प्राणी उचलून खोल पुरावा, एवढी अट फाटक उघडताना घालणे पशुपालकाला सहज शक्य आहे. ही अट ऐकून ज्याचा उत्साह मावळेल, तो सेवेसाठी आला नव्हता हेही त्याच वेळी स्पष्ट होईल.

गवताची उंची हे अधिक चांगले शस्त्र

भूखारीला आखूड गवत आवडते. उभे राहून दूरवर पाहता आले तरच तिला सुरक्षित वाटते. ज्या कुरणात गुरे अति चरतात तेथे गवत जमिनीलगत येते आणि भूखारींच्या वसाहती फोफावतात. दुष्काळी वर्षांत त्यांची संख्या वाढण्यामागेही हे एक कारण आहे. म्हणून चराईचे नियोजन, कुरणाचे भाग पाडून त्यांना आळीपाळीने विश्रांती देणे, आणि गवत दाट व उंच राहील याची काळजी घेणे हे नियंत्रणाचे दीर्घकालीन उपाय आहेत. त्यासोबत बाजांना बसण्यासाठी व घरट्यांसाठी उंच खांब उभारणे, बॅजरला मारणे थांबवणे, आणि गरज असेल तेथे नोंदणीकृत आमिषाचा वसंताच्या आरंभी बिळातच वापर करणे, असा एकत्रित कार्यक्रम टिकाऊ ठरतो.

यांपैकी एकाही कामात चित्तथरारक काही नाही. गवत दोन वितींनी वाढले म्हणून कोणी छायाचित्र काढत नाही. पण कुरणाचा मालक मार्चमध्ये उघडी बिळे मोजू लागला, तर त्याला उत्तर तेथेच मिळेल.

भारतातील शेतकऱ्याने यातून काय घ्यावे

भारतात हौशी नेमबाजांची अशी प्रथा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि शस्त्र परवान्याचे नियम यांमुळे ती रुजणेही अवघड आहे. पण ‘मारले म्हणजे सुटले’ ही समजूत येथेही आहे. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा टाल भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. केंद्र शासनाच्या अधिसूचनेने ते कायदेशीर होते. विदर्भात रोही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्राण्याने शेतकऱ्यांचे केलेले नुकसान खरे होते, आणि प्राणिप्रेमींचा संतापही खरा होता. वाद क्रौर्य आणि उपजीविका या दोन टोकांवर रंगला. पुढील रब्बीत त्या टाल भागातील हरभरा व मसूर किती वाचली, हा प्रश्न मात्र चर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही. विस्तार कार्यकर्त्याने विचारायचा प्रश्न तोच होता.

प्रेअरीतील भूखारीचा भारतातील खरा समांतर प्राणी राजस्थानच्या वाळवंटात सापडतो. तेथील वाळवंटी जर्बिल हा उंदीरवर्गीय प्राणी दिवसा वावरतो, वसाहती करून राहतो आणि कुरणांचे व पिकांचे नुकसान करतो. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत उंदीरवर्गीय प्राण्यांवर झालेल्या दीर्घ संशोधनातून जी पद्धत देशभर पोहोचली, तिच्यात मोजणीचा योग्य मार्ग आधीच सांगितलेला आहे. संध्याकाळी शेतातील सर्व बिळे मातीने बुजवावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतील किती पुन्हा उघडली ते मोजावे. उघडलेली बिळे म्हणजे जिवंत बिळे. उपाय करण्यापूर्वी आणि उपायानंतर हीच मोजणी केली, की यश किती टक्के मिळाले ते कळते. येथे मेलेला एकही उंदीर मोजावा लागत नाही. बहुतेक उंदीर बिळातच मरतात, त्यामुळे ते मोजता येतही नाहीत.

पंचांगाचा धडाही तितकाच लागू पडतो. पावसाळ्यात अन्न मुबलक होते व उंदरांची पैदास वाढते. पीक पोटरीत आल्यावर नुकसान डोळ्यांत भरते आणि तेव्हा शेतकरी विष शोधू लागतो. तोवर उशीर झालेला असतो. खरिपाच्या पेरणीपूर्वी, मे-जूनमध्ये, जेव्हा शेते मोकळी असतात, अन्न कमी असते आणि उंदरांची संख्याही कमी असते, तेव्हा संपूर्ण गावाने एकत्र मोहीम घेतली तर थोड्या खर्चात मोठा परिणाम साधतो. झिंक फॉस्फाइड वापरायचे तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष देऊन उंदरांना त्याची सवय लावावी लागते. ही पायरी गाळली की वाचलेले उंदीर पुढे आमिषाला तोंड लावत नाहीत. बांध अरुंद व स्वच्छ ठेवणे आणि शेतात घुबडांसाठी पक्षीथांबे उभारणे ही कामेही त्याच काळात उरकतात. त्यासाठी उन्हात राबावे लागते आणि शेजाऱ्याशी बोलावे लागते. प्रेअरीतील मार्चच्या चिखलाइतकेच ते अप्रिय आहे.

कौशल्याचा मानही येथे विसरता कामा नये. तामिळनाडूतील इरुळा समाजातील उंदीर पकडणारे कारागीर पाऊलखुणा व ताज्या मातीवरून वसते बीळ ओळखतात, त्याची वाट हेरतात आणि विषाशिवाय उंदीर बाहेर काढतात. बिळात साठवलेले धानही परत मिळवतात. त्यांचे काम हंगामाला बांधलेले आहे आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर होते. अशा लोकांना योग्य मजुरी देऊन गावाच्या मोहिमेत सामील करून घेणे हे पाहुण्याच्या बंदुकीहून शेताच्या अधिक हिताचे आहे.

गाव-पातळीवरील नोंदवहीत म्हणूनच रकान्यांचा क्रम बदलला पाहिजे. किती विष वाटले, किती उंदीर मारले, किती लोक मोहिमेत आले हे रकाने राहिले तरी चालतील. पण त्यांच्या आधी दोन रकाने असावेत. उपायापूर्वी व उपायानंतर हेक्टरी किती जिवंत बिळे होती, हा पहिला. कापणीच्या वेळी ठरावीक चौरस मीटरमध्ये कापलेल्या ओंब्या किंवा शेंगा किती आढळल्या, हा दुसरा. हे दोन आकडे सलग तीन हंगाम भरले गेले, तर कोणता उपाय चालतो आणि कोणता केवळ समाधान देतो हे त्या गावाला बाहेरच्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. पहिली नोंद येत्या मेमध्ये, पेरणीपूर्वी, एका संध्याकाळी बिळे बुजवून करता येईल. त्यासाठी लागते ते एक फावडे, एक वही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर जाणारा माणूस.